डोहाळजेवण करकोच्याचं

'भीती आणि दंड याशिवाय लोक सुधारत नाहीत' असं बरेचजण म्हणतात, पण निसर्ग जपण्याच्या बाबतीत तरी ते मला मनापासून पटत नाही. आसाममधलं हरगिलाचं उदाहरण बघा. हा चांगला पाच फूट उंचीचा करकोचा. सडकं मांस खातो, घरट्याखाली घाण नि दुर्गंधी, म्हणून लोक त्याला अपशकुनी मानायचे आणि परसातली घरट्यांची झाडंच तोडायचे. २००७ साली असंच एक झाड पडलं, घरट्यातली पिल्लं खाली आली, आणि ते पाहून वन्यजीव अभ्यासक पूर्णिमादेवी बर्मन यांनी हरगिला वाचवण्यासाठी पीएचडी बाजूला ठेवली. झाड खाजगी मालकीचं, मालकाला नुसता कायदा सांगून काय होणार?

त्यांनी बायकांना गाठलं. आपल्याकडे पोटुशीचं डोहाळजेवण करतात ना, तसं विणीच्या हंगामात पक्ष्याचं सुरू केलं! गाणी, गोडधोड, सगळं साग्रसंगीत. मग मागावर गामोशात (आसामी पारंपरिक उपरण्यात) नि साडीत हरगिला विणला जाऊ लागला, त्यातून चार पैसेही आले. ज्या पक्ष्याचं तोंड बघू नये म्हणायचे, तो माहेरवाशीण झाला. आज पक्षी जपणाऱ्या या बायकांच्या 'हरगिला आर्मी'त हजारोजणी आहेत.

आपल्या कोकणातल्या वेळासच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्लं समुद्रात सोडताना बघून हेच जाणवलं. पिल्लांवरची टोपली उचलली, तळहाताएवढीही नसलेली पिल्लं वाळूत वल्ह्यांसारखे पाय मारत निघाली, आणि एवढी गर्दी चिडीचूप. शेजारचा मुलगा हळूच म्हणाला, "आई, ती पिशवी उचल, त्याच्या वाटेत येईल." त्याला कुणी दंडाची पाटी दाखवली नव्हती.