गेरचं शूटिंग एडिट करायचंय, लिनक्सवर फुकट काय आहे?

पोहे_जलेबी (इंदूर): मंडळी, रंगपंचमीला राजवाड्यावर गेर (आमची रंगाची मिरवणूक) शूट केली, मोबाईलवर, फोर-केमधे, चाळीसेक क्लिपा झाल्यात, एकीत तर टँकरवरून उडालेला रंग सरळ लेन्सवरच आलाय. नागपूरला आजीला पाठवायला दहा मिनिटांचा व्हिडिओ करायचाय, वर मराठीत नावं टाकायचीत. लॅपटॉप जुना, रॅम ८ जीबी, लिनक्स मिंट. केडेनलाइव्ह टाकू का रिझॉल्व्ह? दादा म्हणतो रिझॉल्व्हच टाक, सिनेमावाले तेच वापरतात.

जुना_टर्मिनल: दादाला म्हणावं थांब जरा. रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती लिनक्सवर एच.२६४, एच.२६५ हे व्हिडिओ फॉरमॅट उघडतच नाही आणि मोबाईलचं शूटिंग नेमकं त्यातच असतं, मग आधी एकेक क्लिप एफएफएमपेगने (व्हिडिओ बदलायचा प्रोग्राम) डीएनएक्सएचआर फॉरमॅटमधे बदलत बसा, फाईली फुगून डिस्क भरणार ते वेगळंच. केडेनलाइव्ह घे. प्रोजेक्ट सेटिंगमधे प्रॉक्सी चालू कर, म्हणजे ते फोर-केची छोटी कॉपी बनवतं, काटछाट तू त्या कॉपीवर करतोस आणि शेवटी रेंडर, म्हणजे तयार व्हिडिओ, मूळ फाईलवरूनच होतं. प्रॉक्सी बनेपर्यंत चहा घेऊन ये, दोनदा.

सराफ्याचा_भुक्कड: शॉटकट पण बघ की भिया, आतलं इंजिन दोघांचं एकच, एमएलटी. प्रॉक्सी त्यातही आहे. मला तर तेच सुटसुटीत वाटतं, पण नावं-बिवं टाकायला केडेनलाइव्हचं टायटलवालं बरं. फाँट मात्र देवनागरीचा निवड, मुक्ता किंवा नोटो, बघून घे जोडाक्षरं नीट येतात का.

जुना_टर्मिनल: हो, आणि एक राहिलंच. मोबाईल फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) कमीजास्त करत रेकॉर्ड करतो, त्यामुळे लांब क्लिपमधे आवाज हळूहळू सरकतो. केडेनलाइव्ह क्लिप घेताना विचारेल ट्रान्सकोड करू का, म्हणजे फ्रेम रेट एकसारखा करून क्लिप नव्याने बनवू का, तेव्हा घाईत नाही म्हणू नकोस.

पोहे_जलेबी: अहो काका, मी 'नाही'च म्हटलं होतं 😅 टिपरू ढोलावर पडतंय आणि आवाज नंतर येतोय, मला वाटलं मोबाईलच गेला. आता परत सगळं ट्रान्सकोडला लावलंय, पंखा नुसता गरगरतोय. प्रॉक्सीने टाइमलाइन मात्र एकदम लोण्यासारखी. आता आजीच्या फोनवर कसा पाठवू ते सांगा, तिच्याकडे जागाच नसते, सगळी गुड मॉर्निंगने भरलेली.

सराफ्याचा_भुक्कड: ७२०पीमधे (कमी रिझोल्यूशन) रेंडर कर, फाईल छोटी होईल. लेन्सवर रंग आलेली क्लिप कापू नकोस पण.