आत्मविश्वास आधी की विक्री आधी? (त्या आरशावाल्या पोस्टला उत्तर)

तिरपागडी:
परवा एका गृहस्थांनी लिहिलं: "तरुण उद्योजकांनो, आत्मविश्वास असेल तर मातीसुद्धा विकता येते. रोज आरशासमोर दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून उभे राहा, महिनाभरात विक्री दुप्पट!" खाली टाळ्यांचा पाऊस. मी दोन दिवस गप्प राहिले, आता राहवत नाही.

ती कमरेवर हात ठेवायची टूम २०१० च्या एका प्रयोगातून आली: असं उभं राहिलं की अंगातले हार्मोन बदलतात आणि धाडस वाढतं, असा दावा. माणसं किती? ४२. मग २०१५ मध्ये दुसऱ्या गटाने २०० जणांवर तेच करून पाहिलं, तर ना हार्मोन हलले, ना धाडस वाढलं. २०१६ मध्ये मूळ निबंधाच्या पहिल्या लेखिकेनेच, डेना कार्नी यांनी, जाहीर सांगितलं की हा परिणाम खरा आहे असं आपल्याला आता वाटत नाही. आणि आपण अजून आरशासमोर!

माझं सांगते. तेविसाव्या वर्षी मालाचा साठा मोजायचं सॉफ्टवेअर घेऊन बाहेर पडले. आत्मविश्वास उतू चालला होता. पाठ केलेलं भाषण अकरा ठिकाणी खणखणीत म्हटलं, अकरा ठिकाणी "कळवतो". बाराव्या ठिकाणी मालक म्हणाले, "तुमचं झालं का? आता माझं ऐका." त्यांना साठ्याची काळजीच नव्हती. परत आलेला माल कुणी लिहून ठेवत नाही, हे त्यांचं दुखणं. ती सोय माझ्या सॉफ्टवेअरमध्ये होती, आणि अकरा भेटींत मी ती एकदाही दाखवली नव्हती!

थोडक्यात, तोंड बंद ठेवल्यावर पहिली विक्री झाली. आत्मविश्वास त्यानंतर आला, मागच्या दाराने.

जुना खेळिया:
ताई, लिहिलंय झकास, पण अर्धंच खरं. सव्वीस वर्षं दारं ठोठावली आहेत मी. गिऱ्हाईक आधी आवाज ओळखतं, मग माल. माझ्या हाताखाली एक पोरगा होता. मालाची खडान्‌खडा माहिती, प्रश्नही नेमके विचारायचा. पण किंमत सांगितली की त्याच श्वासात "तशी कमी करता येईल" म्हणायचा. समोरच्याने मागितलेलीही नसायची! तो काय ऐकण्यात कमी पडत होता? आत्मविश्वासच नव्हता. तुमचं ते "मागच्या दाराने" येईपर्यंत दुकान बंद पडतं.

घाईगडबड:
त्यात वाईट काय, काका? मीही देतो सूट. १०% कमी केले आणि १०% जास्त विकलं की हिशेब जमला.

बेरीज-वजाबाकी:
अरे देवा. हिशेब जमला? शंभराला विकतोस आणि सत्तर खर्च आहे असं धर. सुटतात तीस. १०% सूट दिलीस की नव्वद आले, सुटले वीस. पूर्वीइतकाच नफा हवा तर दहा नगांऐवजी पंधरा विकायचे. म्हणजे १०% नव्हे, ५०% जास्त. वीस टक्के दिलीस तर तिप्पट विकावं लागेल. धंदा करतोस की समाजसेवा?

घाईगडबड:
आले गणिताचे मास्तर. नग मोजायला आधी गिऱ्हाईक लागतं, साहेब. माझ्याकडे चार आहेत. चारही सूट देऊनच आले. तुमचे तीस टक्के मी कुणाला, भिंतीला दाखवू?

बेरीज-वजाबाकी:
चार आले ना? त्यातल्या किती जणांनी वेळेवर पैसे दिले?

घाईगडबड:
...एकाने.

बेरीज-वजाबाकी:
तेच म्हणतोय. मीही यातून गेलोय. सगळ्यात मोठी सूट ज्याला दिली, त्याचेच पैसे सात महिने अडकले. फोन करायची लाज वाटायची, कारण सुरुवातच मी "सांभाळून घ्या" म्हणत केली होती. खूप मोठा सौदा म्हणून मिरवला होता. पैसे हातात येईपर्यंत ती विक्री नसतेच, हे तेव्हा कळलं. सूट द्यायचीच तर बदल्यात काहीतरी मागून घे. आगाऊ पैसे माग, नाहीतर जास्त नग. आणि आगाऊ पैशांवरची सूटही पाच टक्क्यांच्या वर नको.

निमूट:
अवांतर खूप झालं, म्हणून मूळ विषयावर. मी बोलण्यात कच्चा. फोन उचलण्याआधी हात गार पडतात, अजूनही. मानसशास्त्रज्ञ अॅडम ग्रँट यांनी २०१३ मध्ये फोनवरून विक्री करणाऱ्या ३४० जणांचा अभ्यास छापला होता. सर्वाधिक कमाई बडबड्यांची नव्हती, मधल्या स्वभावाच्यांची होती. माझ्यासारखे मुखदुर्बळही पुढे नव्हते, हेही सांगतो.

जुना खेळिया:
निबंध वाचून विक्री झाली असती तर ग्रंथपाल कोट्यधीश झाले असते.

तिरपागडी:
काका, निबंध नकोत तर अनुभव घ्या. विक्रीचे संशोधक नील रॅकहॅम यांच्या गटाने बारा वर्षांत ३५,००० विक्रीभेटींचा अभ्यास केला. यशस्वी भेटींत जास्त कोण बोलत होतं? गिऱ्हाईक. आणि मोठ्या खरेदीत "आजच सही करा" छापाच्या युक्त्या उलट अंगाशी आल्या. तुमच्या सव्वीस वर्षांत बसतील एवढ्या भेटी?

जुना खेळिया:
मोजल्या नाहीत. तुमच्यासारखं वही घेऊन फिरायला वेळ नव्हता, पोट होतं. आणि मी कुठे म्हटलं की बडबड करा? मी म्हटलं, किंमत सांगताना आवाज कापू देऊ नका. लोक वाचतात काय आणि चिडतात कशावर!

तिरपागडी:
बरं, किंमतीपुरतं मान्य. तेवढ्यापुरतंच. पण तो न कापणारा आवाज आरशातून येत नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ मध्येच मांडलं होतं की "मला जमेल" हा विश्वास सगळ्यात पक्का होतो तो स्वतः करून पाहिल्यावर. कुणी पाठ थोपटून आलेला लवकर उडून जातो.

निमूट:
त्या २०० जणांच्या प्रयोगात लोकांना आपण जास्त ताकदवान आहोत असं *वाटलं* होतं, हे तुम्ही गाळलंत.

तिरपागडी:
गाळलं. वाटलं होतं. घ्या, उभे राहा आरशासमोर.

जुना खेळिया:
हाहा. त्या पोराचं पुढचं सांगायचं राहिलं. त्याला आरसा नाही दिला मी. दोन महिने रोज माझ्यासमोर फक्त किंमत म्हणायला लावली आणि पुढे एक अक्षर बोलू दिलं नाही. त्यामुळे "करून पाहिल्यावर" यात ताईंचं बरोबर असेल, असं म्हणायला जीभ रेटत नाही, पण असेल.

घाईगडबड:
उद्या पाचवी भेट आहे. सूट न देता किंमत सांगून गप्प बसणार आहे. काका, किती वेळ गप्प बसायचं?

जुना खेळिया:
तो बोलेपर्यंत.

घाईगडबड:
आणि नाहीच बोलला तर?

बेरीज-वजाबाकी:
पाणी पी. दुसरा आकडा काढलास तर याद राख.