बायको बेपत्ता, म्हणून नवरा आत? बेंगळुरूच्या केसचा उलटा अर्थ लावू नका

काळा कोट
काल उंबरठा यांनी दुसऱ्या धाग्यावर लिहिलं : "बायको बेपत्ता झाली की त्याच रात्री नवऱ्याला आत घ्यायचं. शाकिरा खलीली प्रकरणात हे केलं असतं तर तीन वर्षं वाया गेली नसती." खाली नुसता टाळ्यांचा कडकडाट. तिथे उत्तर लिहायला बसलो, लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

उदाहरण चुकलंय. बेंगळुरूच्या शाकिरा, ज्यांना नवऱ्यानेच मारून घराच्या आवारात पुरलं, त्या मे १९९१ च्या अखेरीपासून दिसेनाशा झाल्या. नवरा, म्हणजे मुरली मनोहर मिश्रा ऊर्फ स्वामी श्रद्धानंद, विचारेल त्याला नवी गोष्ट सांगायचा. आज हैदराबादला गेलीय, उद्या गरोदर आहे म्हणून अमेरिकेला गेलीय. त्याने सांगितलेल्या तिकडच्या रुग्णालयात मुलीने चौकशी केली, तर अशी कोणी रुग्ण दाखलच नव्हती. लक्षात घ्या, हे मुलीने शोधलं. तिने जून १९९२ मध्ये तक्रार दिली आणि सांगाडा १९९४ मध्ये रिचमंड रोडवरच्या राहत्या घराच्या आवारातून निघाला.

मधल्या काळात कमी पडली ती अटक नव्हे, पडताळणी. नवरा तिच्या मुखत्यारपत्रावर तिची मालमत्ता विकत होता. मुखत्यारपत्र देणारी मेली की मुखत्यारपत्रही मेलं. म्हणजे विकायचं तर बाई कागदावर जिवंत हवी. सगळ्या गोष्टींचं मूळ तिथे आहे. बँक आणि नोंदणी कार्यालय, दोन ठिकाणी एक शिपाई पाठवला असता तरी पुरे होतं.

आणि पहिल्या रात्री अटक केली की काय होतं? घड्याळ सुरू होतं. खुनाच्या गुन्ह्यात ९० दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही तर जामीन हा आरोपीचा हक्क, न्यायाधीशाची मर्जी नव्हे. पोलीस कोठडी एकूण १५ दिवस. प्रेत नाही, हत्यार नाही, जागा माहीत नाही, आणि तुम्ही १५ दिवस "कुठे आहे सांग" यावर उडवलेत. नंतर खरा धागा हाती लागतो तेव्हा विचारायला माणूस कोठडीत नसतो.

उंबरठा
कोटसाहेब, "आत घ्या" हे मी चिडून लिहिलं होतं, ते तुम्ही कलमासारखं वाचताय. मुद्दा साधा आहे. बाई हरवली की ठाण्यात पहिला प्रश्न काय असतो? "भांडण झालं होतं का? माहेरी बघितलंत का? कोणाबरोबर काही होतं का?" म्हणजे संशय तिच्यावर. नवरा समोरच्या खुर्चीत चहा पितो आणि तक्रारीचा मसुदाही तोच सांगतो. बेंगळुरूलाही तक्रार मुलीची होती, कारण नवऱ्याला तक्रार द्यायचीच नव्हती. हीच पहिली खूण धरा ना! घरच्या माणसाने किती दिवसांनी कळवलं, कोणाला काय कारण सांगितलं, हे मिसिंगच्या फॉर्मवर रकाना करून का नाही?

आणि कायदा तोकडाही नाही. पुरावा कायद्याचं कलम १०६, आता त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचं १०९. जी गोष्ट खास नवऱ्यालाच माहीत, ती त्यानेच सांगायची. त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र, २००६. आपल्याच राज्यातला खटला. बायकोला साप चावला म्हणाले, शवविच्छेदनात गळा दाबल्याने गुदमरून मृत्यू निघाला. सुप्रीम कोर्टाने सांगितलं, घराच्या चार भिंतीआडच्या गुन्ह्यात सरकार पक्षावरचा भार हलका होतो, घरातल्यांनी पटेल असा खुलासा द्यायचा. मग अडतंय कुठे?

काळा कोट
अडतंय ते "प्रेत" या शब्दावर. किरकन खटल्यात प्रेत घरात होतं आणि मृत्यूचं कारण डॉक्टरांनी लिहिलेलं होतं. बेपत्ता केसमध्ये मृत्यूच सिद्ध नाही, तर खुलासा कशाचा मागणार? १०६ हे सरकार पक्षाच्या पांगुळगाड्यासाठी नाही, हे १९५६ च्या शंभूनाथ मेहरा निकालापासून चालत आलंय. आधी पाया तुम्ही घालायचा, मग भार सरकतो.

आणि पुण्याचा शरद सारडा खटला विसरलात? १९८४. विवाहितेचा सायनाइडने मृत्यू, नवऱ्याला खालच्या कोर्टात फाशी, सुप्रीम कोर्टात सुटका. परिस्थितिजन्य पुराव्याची पाच तत्त्वं तिथलीच. नवऱ्याचा बचाव खोटा ठरला तरी ती जादा कडी, तुटलेली साखळी त्याने जोडली जात नाही.

ठाणे अंमलदार (निवृत्त)
दोघेही पुस्तकातून बोलताय. ठाण्यातलं ऐका.

एक, २४ तास थांबा असा नियम कुठेच नाही. तरी सांगणारे सांगतात. सज्ञान माणूस हरवला की मिसिंग रजिस्टरला नोंद होते, तो एफआयआर नव्हे. मूल हरवलं तर २०१३ पासून थेट अपहरणाचा गुन्हा. सज्ञान बाईच्या बाबतीत नातेवाइकाच्या तोंडून घातपाताचा संशय कागदावर आला तर ललिता कुमारी निकालाप्रमाणे गुन्हा नोंदवणं भाग. म्हणून नातेवाइकांनी "ती सापडत नाही" एवढ्यावर थांबू नये. "अमुक तारखेला मारहाण झाली, अमुक दागिने घरात नाहीत, फोन अमुक वेळेपासून बंद" असं लिहून द्या आणि पोच घ्या. पोच न घेता घरी जाणाऱ्यांनी नंतर इथे येऊन रडू नये.

दोन, माणसं. एका हवालदाराकडे मिसिंग, समन्स, बंदोबस्त सगळं. गणपतीत कोण शोधणार तुमची बायको?

लिंबूटिंबू
बंदोबस्त आलाच. काका, १९९२ च्या तक्रारीपासून १९९४ पर्यंत बेंगळुरूला गणपतीच होते का?

ठाणे अंमलदार (निवृत्त)
टिंगल करा. पण सांगाडा शेवटी पोलिसांनीच काढला, आणि उत्खननाचं चित्रीकरण करून काढला. त्या काळात.

पांढरा एप्रन
सांगाडा काढणं हे शेवटचं काम. त्याआधी न्हाणीघर बघायचं असतं आणि तिथेच घोळ होतो, म्हणून लिहितोय.

घरातल्या खुनात फरशी धुतलेली असते. फरशीवर काही मिळत नाही, मिळतं ते टाइल्सच्या फटीत, दाराच्या चौकटीच्या बुडाशी, कमोडच्या मागच्या सिमेंटमध्ये आणि नहाणी ट्रॅपच्या आतल्या कडेला. ट्रॅपची जाळी आणि आतली वाटी काढून वेगळी जप्त करा. ल्युमिनॉल (रक्ताचा माग दाखवणारं रसायन) मारून निळं चमकलं की रक्तच, असं नाही. ब्लीच, तांबं, गंजही चमकतो. ब्लीचचा वास येत असेल तर जागा सील करून एक-दोन दिवस वाळू द्या, मग ब्लीचची चमक मरते. नंतर फिनॉल्फ्थॅलीन (रक्त असावं का, याची प्राथमिक चाचणी), त्यानंतर मानवी रक्ताची चाचणी, मग डीएनए.

कापसाचा बोळा डिस्टिल्ड वॉटरमध्ये जरा ओला करून डाग टिपायचा, सावलीत वाळवायचा आणि कागदी पाकिटात घालायचा. प्लास्टिकच्या पिशवीत नाही! ओल राहते, बुरशी येते, डीएनए कुजतो. शेजारच्या स्वच्छ फरशीचा वेगळा बोळा घ्या, तो नसेल तर उलटतपासणीत डागाची किंमत निम्मी होते.

बेंगळुरूला तीन वर्षं मातीत गेलेला सांगाडा होता, तरी कवटीचं छायाचित्राशी सुपरइम्पोझिशन (एकावर एक ठेवून जुळवणी) आणि डीएनए, दोन्हींनी ओळख पटली. अशा वेळी दाढ आणि मांडीचं हाड, कारण आतला भाग सुरक्षित राहतो. तुलनेला मुलांचं किंवा आईवडिलांचं रक्त. नवऱ्याचं रक्त घेऊन पाठवणारे अजूनही आहेत, त्यांना नमस्कार.

मुद्देमाल
एप्रनसाहेब, हे छान, पण आज रक्ताआधी सीसीटीव्ही जातो. सोसायटीचा डीव्हीआर, म्हणजे फुटेज साठवणारं यंत्र, १५ ते ३० दिवसांत स्वतःवरच लिहितो, दुकानातला तर आठवड्यात. तपास अंमलदार महिनाभराने पत्र देतो, "फुटेज द्यावे". काय देणार, कप्पाळ?

आणि मिळालं तरी काय करतात? सेक्रेटरीच्या पडद्यावर चालू फुटेज मोबाइलने शूट करतात. हा पुरावा नव्हे, आठवण आहे.

काळा कोट
डीव्हीआरच जप्त करा की. मूळ यंत्र हजर केलं आणि मालकाने साक्ष दिली तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणाऱ्या प्रमाणपत्राची गरज नाही. अर्जुन पंडितराव खोतकर, जुलै २०२०.

मुद्देमाल
अहो, मालक साक्षीला येतो का? सोसायटीचा सेक्रेटरी दर वर्षी बदलतो. म्हणून प्रत घ्या, प्रमाणपत्र घ्या. नव्या साक्ष अधिनियमात कलम ६३(४), भाग अ यंत्र सांभाळणाऱ्याचा, भाग ब तज्ज्ञाचा, दोन्हींत हॅश, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा. हॅश त्याच जागी, त्याच दिवशी काढायचा, ठाण्यात आणून नाही.

आणि यातलं काहीही नसलं तरी एक गोष्ट हवीच : घड्याळ! डीव्हीआरच्या बोर्डावर नाण्याएवढा सेल असतो. तो संपला आणि वीज गेली की घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर जातं. पंचनाम्यात लिहायचं, "डीव्हीआरवरील वेळ अमुक, मोबाइल नेटवर्कवरील वेळ तमुक, फरक इतकी मिनिटे". हे एक वाक्य नसल्यामुळे नवरा रात्री ११ ला बॅग घेऊन गेला की ११ वाजून ४० मिनिटांनी, हे ठरत नाही, आणि त्या ४० मिनिटांत बचाव पक्ष अख्खा संसार मांडतो.

ठाणे अंमलदार (निवृत्त)
हे सगळं करायला पंच कुठून आणायचे? रात्री दोन वाजता पंच मिळतो का? मग चहावाला आणतात आणि कोट त्याला "पोलिसांचा हक्काचा पंच" म्हणतात.

काळा कोट
कारण तो असतो! एकाच माणसाच्या सह्या दहा पंचनाम्यांवर. आणि निवेदन पंचनाम्यात (आरोपी जागा किंवा वस्तू दाखवायला तयार झाल्याचा कागद) आरोपीचे स्वतःचे शब्द नाहीत, "आरोपीने जागा दाखविण्याची तयारी दर्शविली" एवढंच छापील वाक्य. २०२२ च्या सुब्रमण्य निकालात सुप्रीम कोर्टाने नेमकं यावर बोट ठेवलंय. शब्द जसे बोलला तसे, पंचांसमोर, जागेवर जाण्याआधी. अर्धी केस इथे बुडते. नवरा निर्दोष असतो म्हणून नाही, कागद आळशी असतो म्हणून.

उंबरठा
थांबा थांबा. धागा बेपत्ता बायकांचा आहे. गेले पाच प्रतिसाद तुम्ही डीव्हीआरच्या सेलवर घालवलेत.

मुद्देमाल
तुमच्या बेपत्ता बाईचा मारेकरी त्या सेलवरच सुटतो, ताई.

उंबरठा
आणि तुमचा सेल तपासायला कोणी जातच नाही तोवर, दादा! हेच म्हणतेय मी काल रात्रीपासून. हॅश, बोळे, कागदी पाकिटं, सगळं मान्य. पण हे सगळं सुरू होण्यासाठी आधी कोणाला तरी वाटावं लागतं की बाई पळून गेली नाही. तिथे तुम्ही सगळे कायदेपंडित गप्प. "बाई सज्ञान आहे, येईल परत" हे वाक्य ऐकून किती डीव्हीआर पुसले गेले, त्याची नोंद कुठल्या रजिस्टरला?

काळा कोट
आवाज चढवून मुद्दा वाढत नाही. तुमची "नवरा पहिला" ही घाई कुठे नेते सांगू? अश्विनी बिद्रे. नवी मुंबईच्या सहायक पोलीस निरीक्षक, एप्रिल २०१६ पासून बेपत्ता. त्यांचे पती आणि माहेरचे वर्षानुवर्षं दारं ठोठावत होते. तुमच्या सूत्राने त्या पतीलाच आत टाकलं असतं. दोषी निघाला पोलीस अधिकारी, अभय कुरुंदकर. प्रेत सापडलंच नाही, तरी पनवेलच्या सत्र न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये जन्मठेप दिली. प्रेताविना शिक्षा होते, हे १९८१ च्या रामानंद निकालापासून मान्य आहे. फक्त बाकीची साखळी पक्की लागते.

उंबरठा
वा. माझ्याच बाजूचा मुद्दा दिलात! तिथे बाई पोलीस खात्यातल्या, तरी गुन्हा दाखल व्हायला २०१७ उजाडलं आणि अटक त्या वर्षाच्या शेवटी. खात्यातल्या बाईची ही गत, तर माझी धुणं-भांडी करणारी शेजारीण बेपत्ता झाली तर?

"नवरा पहिला" हे मी मागे घेते. "शेवटचा ज्याच्यासोबत होती तो पहिला" असं लिहा. नवरा असो, मित्र असो, वरिष्ठ असो. झालं समाधान?

काळा कोट
पावणेदोन टक्के. "पहिला" म्हणजे पहिला पडताळायचा, की पहिला आत घालायचा?

उंबरठा
पडताळायचा. हुश्श. पण मग माझी अट अशी : मिसिंगची नोंद झाल्यापासून ४८ तासांत शेवटी सोबत असलेल्याचा सविस्तर जबाब, तिच्या आणि त्याच्या फोनचं सीडीआर (कॉलची नोंद) मागवण्याचं पत्र, बँक आणि यूपीआयचा शेवटचा व्यवहार, आणि इमारतीचा डीव्हीआर ताब्यात. अटक नको. जबाब व्हिडिओवर घ्या म्हणजे पुढे गोष्ट बदलली की दोन गोष्टी शेजारी ठेवता येतील. श्रद्धानंदने तर किती बदलल्या!

काळा कोट
याला माझा विरोध नाही. होता कधी, हेही आठवत नाही.

ठाणे अंमलदार (निवृत्त)
४८ तासांत सीडीआर? पत्र वरिष्ठांच्या सहीने जातं. वरिष्ठ बंदोबस्तावर.

लिंबूटिंबू
आलाच बंदोबस्त.

पांढरा एप्रन
आणि ट्रॅपची जाळी विसरलात यादीत.

मुद्देमाल
घड्याळातला फरकसुद्धा.

उंबरठा
लिहिते, लिहिते. फरक मिनिटांत की सेकंदांत?

मुद्देमाल
सेकंदांत. पण मिनिटांत लिहिला तरी मी पाया पडेन.