फर्स्ट इयरचा गार्ड हातातनं जाऊलाय, काय करावं?

टिळकवाडीकर
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, पण वाचा. मी आमच्या बेळगावातल्या जुन्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीमला संध्याकाळी शिकवायला जातो, पगार वगैरे नाही, आवड म्हणून. यंदा बीकॉम फर्स्ट इयरला एक पोरगा आलाय, नंदगडच्या पलीकडच्या गावचा, पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढं नेऊन खेळ चालवणारा. उंची जेमतेम पाच फूट आठ इंच. जुलैच्या पावसात आमच्या सिमेंटच्या कोर्टावर शेवाळ धरतंय, पोरं ब्लिचिंग पावडर टाकून खराट्यानं घासतात तेव्हा कुठं खेळायला मिळतं, तिथं बाकीचे घसरायच्या भीतीनं उभेच्या उभे पळतात आणि हा पठ्ठ्या लहान लहान पावलं टाकत, बॉल गुडघ्याच्या खाली ठेवून दोघांच्या मधनं निघून जातो. डावा हात उजव्यासारखाच चालतो. कुठं शिकलास म्हणून विचारलं तर म्हणाला, सर, बसची वाट बघताना उजव्या हातात पिशवी असायची, म्हणून डाव्यानं मारत बसायचो.

आता बेंगळूरच्या एका कॉलेजनं त्याला हेरलंय. फी माफ, हॉस्टेल, जेवण, बूट, पुढच्या वर्षी ये म्हणूलालेत. आमच्याकडं दाणे झिजून गुळगुळीत झालेले सहा बॉल आहेत. दोन वर्षांपूर्वी असाच एक गेला, गेल्या वर्षी आणि एक, आणि जून आला की मी परत पहिल्यापासनं लेअप, म्हणजे पळत जाऊन जवळनं बास्केट करणं, शिकवत बसतो. पोरं टिकवायची कशी? अमेरिकेतल्या कॉलेजांत पण हेच चाललंय म्हणतात, तिथं काय करतात कुणाला माहीत आहे काय?

खानापूर_ते_इंडियाना
मी मूळचा खानापूरचा, आता नोकरीसाठी अमेरिकेत इंडियाना राज्यात आहे, इथल्या पर्ड्यू युनिव्हर्सिटीची मॅच सहसा चुकवत नाही म्हणून सांगतो. इथं तुमच्यापेक्षा वाईट हाल आहेत. २०१८ च्या ऑक्टोबरात ट्रान्सफर पोर्टल सुरू झालं, म्हणजे खेळाडूनं कॉलेज सोडायचं ठरवलं की त्याचं नाव त्यात चढतं आणि बाकीचे कोच त्याला फोन करायला मोकळे. आधी कॉलेज बदललं की एक वर्ष बाहेर बसायला लागायचं, २०२१ मध्ये एकदा बदलायला ती अट काढली आणि २०२४ पासनं अभ्यास ठीक असला की कितीदाही बदला, लगेच खेळा. त्यात २०२१ च्या जुलैपासनं जाहिरातीचे पैसे घ्यायला मुभा, आणि २०२५ च्या जुलैपासनं कॉलेज स्वतः खेळाडूंना पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी एका कॉलेजला सगळे खेळ मिळून २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. त्यामुळं लहान कॉलेजचा फ्रेशमन, म्हणजे फर्स्ट इयरचा, गार्ड चमकला की सीझन संपायच्या आत त्याच्यावर डोळा असतो.

पण पर्ड्यूचं बघा. ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर, दोघं गार्ड, दोघं इंडियानातल्याच हायस्कुलातनं आलेले. २०२२-२३ ला फ्रेशमन असताना पेंटर कोचनं त्यांना थेट स्टार्टिंग फाइव्हमध्ये घातलं. त्याच वर्षी मार्चमध्ये कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत पर्ड्यू पहिलं सीड, म्हणजे गटात सगळ्यात वरची मानलेली टीम, असून सोळावं, म्हणजे शेवटचं, सीड असलेल्या फेअरली डिकिन्सन युनिव्हर्सिटीकडनं ६३-५८ हरली, समोरचे प्रेस करत होते, म्हणजे कोर्टभर अंगावर येऊन दबाव टाकत होते, आणि बॉल हातातनं सुटत होता, मी घरात डोकं धरून बसलो होतो. दुसरीकडं असते तर कोचनं पोर्टलमधनं अनुभवी गार्ड आणले असते आणि ही दोघं बेंचवर गेली असती. पेंटरनं बॉल यांच्याच हातात ठेवला. पुढच्या वर्षी टीम फायनलपर्यंत गेली, कनेटिकटकडनं ७५-६० हरली ती गोष्ट वेगळी, आणि २०२५ ला स्मिथ बिग टेनचा, म्हणजे पर्ड्यू खेळते त्या लीगचा, प्लेअर ऑफ द इयर झाला. दोघं चारही वर्षं तिथंच. आणि ज्या फेअरली डिकिन्सननं हरवलं त्यांचा कोच थोड्याच दिवसांत आयोना युनिव्हर्सिटीला गेला, म्हणजे पोरंच सोडून जातात असं नाही.

तुमच्या पोराला पुढच्या तीन वर्षांत तो काय होणार हे कुणी बसून सांगितलंय काय?

माजी_नंबर_सात
मी असाच पुण्याला गेलेला. नाव नको. तिथं माझ्या पोझिशनला चौघं होते, हे मला गेल्यावर कळलं. वर्षभर टॉवेल आणि पाण्याच्या बाटल्या धरल्या, वर सिमेंटवर खेळून आधीच कुरकुरणारा गुडघा सुजला तेव्हा फिजिओ सोडा, बर्फ पण रूमपार्टनरनं आणला. परत यायचं म्हटलं तर युनिव्हर्सिटी वेगळी, टीसी, मायग्रेशन, विषय जुळत नाहीत, वर्ष गेलं ते गेलंच. आपल्याकडं पोर्टल बिर्टल नाही ओ, क्लार्कच्या खिडकीसमोर उभं राहायला लागतं.

म्हणून त्याला एवढंच विचारायला सांगा, तुमच्याकडं सध्या गार्ड किती आणि त्यातले सेकंड इयरला किती. हॉस्टेलचं जेवण चांगलं असतंय, पण मॅच न खेळता खाल्लेलं अंगाला लागत नाही.

शहापूरची_ताई
दोघांचं पटलं, पण सर, तुम्ही पोराला धरून ठेवायचं म्हणता ते कुणासाठी? टीमसाठी की त्याच्यासाठी? मी स्वतः खेळलेय, स्पोर्ट्स कोट्यातनं नोकरी लागलेल्या मैत्रिणी आहेत माझ्या, मोठ्या टीममध्ये गेल्या म्हणून लागली. बेंगळूरला गेला तर स्टेटची सिलेक्शन ट्रायल दारात, इथनं रात्रभर बसचा प्रवास करून सकाळी ट्रायल द्यायची म्हणजे पाय आधीच गेलेले असतात. हे खोटं आहे काय?

आणि प्रॅक्टिस कितीला सुटते? साडेसहाला सुटत असेल तर नंदगडच्या पुढं घरी पोचायला नऊ, सकाळी परत सहाची बस. ते पोरगं काय खाऊन खेळतंय हे आधी बघा. त्याच्या घरी गेलात काय कधी?

टिळकवाडीकर
ताई, नव्हतो गेलो. रविवारी जाऊन आलो.

आईनं भाकरी आणि आंबाडीची भाजी वाढली आणि पहिला प्रश्न विचारला, सर, बेंगळूरात याला मराठीत बोलायला कोण असेल? वडील गप्पच होते, निघताना म्हणाले फी माफ म्हटल्यावर आम्ही नको कसं म्हणायचं. पोरगा मला बसपर्यंत सोडायला आला. मी म्हटलं, तू थांबलास तर पुढच्या वर्षी सगळा खेळ तुझ्या हातनं चालवायचा माझा विचार आहे, हरलो तरी. तो म्हणाला, सर, हे तुम्ही आधी बोललाच नाही, मला वाटलं सिनिअर गेल्याशिवाय माझा नंबर लागणार नाही. मी सहा महिने त्याचा खेळ बघूलालोय, घरी येऊन बायकोला सांगतोय, आणि त्यालाच सांगितलं नाही.

माजी नंबर सात, तुमचा प्रश्न त्यानं फोनवर विचारला. तिकडं गार्ड पाच, त्यातले तीन फर्स्ट आणि सेकंड इयरचे. आमच्या बॅचच्या दोघांनी टिळकवाडीत खोली आणि मेसचे पैसे द्यायचं कबूल केलंय, तो थांबला तरच असं नाही, हे सेमिस्टर संपेपर्यंत तरी बसचा त्रास वाचावा म्हणून. ताईंचं ट्रायलचं म्हणणं मी त्याला जसंच्या तसं सांगितलंय, लपवलं नाही. अजून त्यानं काही ठरवलेलं नाही, मे महिन्यात सांगतो म्हणालाय.

उद्यापासनं प्रॅक्टिस साडेपाचलाच सोडणार आहे. खानापूरवाले भाऊ, फ्रेशमन असताना स्मिथला प्रेस तोडायला काय शिकवलं असेल, एखादा व्हिडिओ असला तर पाठवा, आमची पोरं प्रेस आला की बॉल सरळ बाहेर फेकतात.