शहराने मोटेल विकत घेऊन बेघरांना द्यावं का?

बे_एरियाची_सून:
आमच्या घराजवळचं जुनं मोटेल शहर विकत घेणार आहे. खोल्यांत छोटा ओटा बसवून बेघर लोकांना भाडेकरारावर कायमचं राहायला द्यायचं, खाली ऑफिसात समुपदेशक आणि नर्स. कॅलिफोर्निया राज्याच्या २०२० पासूनच्या 'होमकी' योजनेतले पैसे. सभेला गेले होते, दोन देसी शेजारी कडाडून विरोधात बोलले. मी गप्प बसले. मुलाची शाळा तिथून चार चौकांवर आहे. पोटात गोळा येतो, पण नेमका विरोध कशाला हे मलाच सांगता येत नाहीये.

सडेतोड_नागपूरकर:
मी सांगतो. लॉस एंजेलिस शहराने २०२३ मध्ये मेफेअर हॉटेल घेतलं. २९४ खोल्या, खरेदी आणि दुरुस्ती मिळून सुमारे ८.३ कोटी डॉलर. म्हणजे खोलीमागे २ लाख ८२ हजार! वर हॉटेल टॅक्स बुडाला तो बुडालाच. शिवाय शांग्री-ला प्रकरण वाचा. या कंपनीने होमकीचे दहा कोटींहून जास्त डॉलर घेतले आणि मोटेलं परस्पर गहाण टाकली. जानेवारी २०२४ मध्ये राज्य सरकारला कोर्टात जावं लागलं.

कोकणी_नर्स:
मेफेअर हा तात्पुरता निवारा आहे हो. ताई विचारतायत कायमच्या घरांबद्दल. एप्रिल २०२४ मध्ये राज्याच्या ऑडिटरने पाच वर्षांत बेघरांसाठी खर्चलेल्या सुमारे २४ अब्ज डॉलरचा नीट माग ठेवला नाही म्हणून सरकारची खरडपट्टी काढली, पण त्याच अहवालात होमकी किफायतशीर दिसते असंही लिहिलं. घरामागे सरासरी १ लाख ४४ हजार. नवीन बांधायला याच्या अडीच पटीहून जास्त लागतात.

आता माझ्या कामातलं सांगते. रस्त्यावर राहणाऱ्या मधुमेह्याला मी इन्सुलिन लिहून आणून देते. ठेवणार कुठे? फ्रीज नाही. सुया चोरीला जातात, ओळखपत्र पावसात भिजतं, म्हणून पुढची अपॉइंटमेंट हुकते, आणि महिन्याभरात तो माणूस पुन्हा इमर्जन्सीत. 'आधी दारू सोड, मग घर' हे ऐकायला बरं वाटतं. पण दार लावून झोपायला मिळाल्याशिवाय कोण काय सोडणार? कॅलिफोर्नियाने 'आधी घर' हे धोरण २०१६ च्या कायद्यातच घेतलंय.

सडेतोड_नागपूरकर:
भावना पोचल्या. पण खोलीत बसून नशा केली तर? शेजारच्या खोलीत जो खरंच सुधारतोय त्याचं काय?

कोकणी_नर्स:
भाडेकरार असतो. दंगा केला तर इतर भाडेकरूंसारखीच नोटीस मिळते, आणि काही जण बाहेर पडतातही. ते मी नाकारत नाही.

दादरचा_बंड्या:
इकडे मुंबईत झोपुचं (झोपडपट्टी पुनर्वसन योजनेचं) बघा. फुकट घर मिळालं, पण लिफ्ट आणि मेंटेनन्सचे पैसे भरता येईनात, लोक भाड्याने देऊन परत झोपडीत. तुमचंही तेच होणार.

कोकणी_नर्स:
बंड्या, झोपुत मालकी मिळते, इथे नाही. भाडेकरू उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के देतो, उरलेलं अनुदान. विकायला-भाड्याने द्यायला हातात काही नाहीच.

सडेतोड_नागपूरकर:
तिथेच तर मेख आहे! अनुदान आलं कुठून? खरेदीचे पैसे एकदाच लागतात. केस मॅनेजरचा, म्हणजे रहिवाशांची विचारपूस आणि कामं बघणाऱ्याचा, पगार दर महिन्याला. होमकीत चालवण्याची मदत ठरावीक वर्षांपुरतीच. नंतर नर्स गेली, पहारेकरी गेला, की उरतं पुन्हा तेच मोटेल, फक्त मालक शहर. बेघरांना घर देऊ नका असं मी म्हणतच नाहीये. अर्धवट देऊ नका म्हणतोय.

कोकणी_नर्स:
हे मात्र मान्य. माझ्याकडच्या एका ठिकाणी एका केस मॅनेजरकडे इतके लोक आहेत की तिला सगळ्यांची नावंही पाठ नाहीत.

बे_एरियाची_सून:
मोटेलच्या मालकांशी बोलले. सुरतेचे काका, वय सत्तरीचं. "तीस वर्षं चादरी बदलल्या बेन, मुलं डॉक्टर झाली, हे कोण चालवणार?" त्यांना फक्त सौदा कधी होतो एवढंच पडलंय. मग लक्षात आलं, आत्ताही तिथे आठवड्याच्या भाड्याने राहणारी कुटुंबं आहेत. त्यांच्यातला एक मुलगा माझ्या मुलाच्या वर्गात. त्याचं काय होणार, हे सभेत कुणी विचारलं नाही, मीसुद्धा.

पुढच्या सभेसाठी नाव दिलंय. दोन मिनिटं मिळतील. पाचव्या वर्षी नर्सचा पगार कोण देणार, आणि त्या मुलाचं घर कुठे, हे दोन प्रश्न कागदावर लिहिलेत.

सडेतोड_नागपूरकर:
दुसरा आधी विचारा. पहिल्याला ते 'तपासून कळवतो' म्हणतील.