पाना की पान्हा? आणि नट ‘सैल करणे’ म्हणजे ‘खोलणे’ का?

अनुवादक
एका मोटारीच्या माहितीपुस्तिकेचे मराठी भाषांतर करताना मी एका ठिकाणी अडले आहे. चाक बदलण्याच्या प्रकरणात तीन पायऱ्या दिल्या आहेत: चाक जमिनीला टेकलेले असतानाच सगळे नट अर्धा-अर्धा फेरा उलटे फिरवून घ्यायचे, मग जॅक लावून गाडी उचलायची आणि त्यानंतरच नट पूर्ण काढायचे. पहिल्या पायरीसाठी मी ‘पान्याने नट सैल करा’ असे लिहिले होते. मुद्रितशोधकांनी त्याचे ‘पान्ह्याने नट खोला’ असे केले. ‘खोला’ वाचणारा माणूस नट काढून हातात घेईल आणि तशाच स्थितीत गाडी उचलायला जाईल, अशी मला भीती वाटते. शिवाय ‘पान्हा’ हा शब्द मी आजवर फक्त आईच्या किंवा गाईच्या दुधाच्या संदर्भात वापरला आहे. या दोन्ही बदलांबद्दल आपले मत कळवावे.

जुना फिटर
पाना हाच शब्द बरोबर आहे. मी आयुष्यभर नट-बोल्टांतच वावरलो आणि ‘तेराचा पाना दे’, ‘दहा-अकराचा कुठे गेला’ याखेरीज दुसरे काही ऐकले नाही. नवशिक्याला मात्र एक गोष्ट समजावून सांगावी लागते: पान्याचा आकडा बोल्टच्या जाडीचा नसून नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधल्या अंतराचा असतो, म्हणून ८ मिलिमीटरच्या बोल्टला बहुधा १३ चा पाना लागतो आणि ६ च्या बोल्टला १० चा. माझा सर्वांत आवडता पाना विचाराल तर रिंग पाना, कारण तो नटाचे सहाही कोपरे एकदम धरतो; उघड्या तोंडाचा फिक्स पाना दोनच बाजू धरतो आणि गंजलेल्या नटावर जोर दिला की कोपरे मारले जाऊन नट गोल होतो. तरीही फिक्स पान्याला कमी लेखू नये. त्याचे तोंड दांड्याशी साधारण १५ अंशांनी तिरके का असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अडचणीच्या जागी तो पाना ३० अंश फिरवायचा, काढून उलटा करायचा आणि पुन्हा त्याच नटावर बसवायचा. तोंड सरळ असते तर त्याच कामाला ६० अंशांची मोकळी जागा लागली असती. हे करताना पाना मनगटात उलटसुलट होत राहतो आणि नट थोडा थोडा सरकतो, ते पाहण्यासारखे असते.

शब्दवेडी
माझ्या वडिलांच्या हत्यारांच्या पेटीत ‘पान्हे’च होते, आणि ते शब्द तोलूनमापून वापरणारे गृहस्थ होते. दुधाचा पान्हा संस्कृत ‘प्रस्नव’पासून आलेला आहे, त्याचा या हत्याराशी काही संबंध नाही, हे मला मान्य आहे, पण एकाच उच्चाराचे दोन वेगळे शब्द भाषेत सुखाने नांदू शकतात. आता अनेकवचन करून पाहा. ‘पाना’चे ‘पाने’ होते आणि ‘पान’चेही ‘पाने’च होते. माहितीपुस्तिकेत ‘सर्व पाने तपासून घ्या’ असे छापले, तर वाचकाने हत्यारे तपासायची की पृष्ठे मोजायची? ‘पान्हे’ म्हटल्यावर हा घोटाळा उरत नाही. ‘पान्याने’ आणि ‘पान्ह्याने’ बोलताना जवळजवळ सारखेच ऐकू येतात, तेव्हा हे दोन रूपांमधले अंतर मुळात लिहिण्यापुरतेच आहे, असे माझे मत आहे.

स्वभाषाप्रेमी
आपण दोघेही एका इंग्रजी शब्दाच्या दोन रूपांवर भांडत आहात. ‘स्टेशन’मधला स गळून जसे ‘टेसन’ झाले, तसाच ‘स्पॅनर’मधला स गळून ‘पाना’ झाला असावा, असे मला वाटते. स्पॅनर हा शब्दही इंग्रजीत जर्मनमधून आला आणि सतराव्या शतकात तो चाक फिरून ठिणगी पाडणाऱ्या जुन्या बंदुकीची कमान (स्प्रिंग) ताणण्याच्या हत्याराला वापरत असत. म्हणजे घड्याळाला आपण जी किल्ली देतो, तेच काम ते हत्यार करत होते. फ्रेंच आणि स्पॅनिश लोक आजही पान्याला ‘किल्ली’ याच अर्थाच्या शब्दाने ओळखतात. मग मराठीत ‘नटकिल्ली’ म्हणायला काय हरकत आहे? स्क्रूला ‘मळसूत्र’ आणि त्याच्या पिळांना ‘आटे’ हे शब्द ज्या भाषेत आहेत, तिने इतके परावलंबी राहू नये.

जुना फिटर
‘आटे’ हा शब्द रोजच्या वापरात आहे म्हणूनच तो जिवंत आहे. सायकलच्या डाव्या पेडलला उलटे आटे असतात, हे मी त्याच शब्दात शिकलो आणि त्याच शब्दात शिकवले. मळसूत्र मात्र मी पाठ्यपुस्तकाबाहेर ऐकलेले नाही. ड्रिलचे पाते पकडणाऱ्या चकची किल्ली आमच्याकडे आधीच आहे, आणि हात तेलाने माखलेले असताना हाताखालच्या मुलाकडे दोन प्रकारच्या किल्ल्या मागणे सोयीचे नाही. ॲलन की, म्हणजे षटकोनी खाचेच्या स्क्रूची किल्ली, वाकडी, इंग्रजी एल अक्षरासारखी असते, म्हणून पुष्कळजण ‘एलन की’ म्हणतात. तिचे नाव खरे तर ॲलन या उत्पादकावरून पडले आहे, पण म्हणून कोणाची किल्ली बसायची थांबली नाही.

व्याकरणप्रेमी
पेचकसाचा, म्हणजे पेच (स्क्रू) फिरवण्याच्या हत्याराचा, विषय अजून कोणी काढला नाही. ‘पेच’ फारसी आहे, हे निर्विवाद आहे. ‘कस’ मात्र आपल्या ‘कसणे’मधला, की फारसीत ओढण्याच्या अर्थाचा ‘कश’, यावर मी अनेकांशी वाद घातला आहे. मी ‘कसणे’च्या बाजूने आहे, कारण आपण पेच ओढत नाही, आवळतो. पेचकस हिंदी आहे म्हणून तो टाळणारे लोक ‘स्क्रू ड्रायव्हर’ बिनदिक्कत लिहितात, हे मला पटत नाही.

अनुवादक
सर्वांचे मनापासून आभार. माझा दुसरा प्रश्न मात्र तसाच राहिला आहे आणि वाचकाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे. ‘आवळणे’ला एका शब्दाचे विरुद्ध क्रियापद आपल्याकडे मला सापडत नाही. ‘सोडवणे’ म्हटले तर नट निघाल्यासारखे वाटते, ‘ढिला करणे’ बोलीतले वाटते, आणि ‘सैल करणे’ मुद्रितशोधकांना पुरेसे वाटत नाही.

जुना फिटर
‘खोलणे’ म्हणजे सुटे करणे. इंजिन खोलतात, नट सैल करतात. चाक हवेत असताना नटावर जोर दिला तर नटाऐवजी चाकच फिरते, म्हणून ही पायरी आधी येते. ‘सैल करा, काढू नका’ असे चार शब्द लिहा.

शब्दवेडी
ते ठीक आहे, पण ‘सर्व पाने तपासून घ्या’ या माझ्या उदाहरणाला कोणीच उत्तर दिलेले नाही.

स्वभाषाप्रेमी
‘नटकिल्ल्या तपासून घ्या’ असे लिहिले तर ती अडचणही येत नाही.