पैसे आलेच नाहीत, तरी ‘पेमेंट झालं’! अभ्यास कुठून सुरू करू?

पंचवटीकर१९:
नाशिकला बीसीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. येवल्याला मामांचा पैठणीचा माग आहे, त्यांची वेबसाइट मीच बनवली. गेल्या महिन्यात अठरा हजारांच्या पैठणीवर ‘पेमेंट झालं’ आलं. मामीने साडी पार्सल केली, खात्यात रुपयाही आला नाही. मामा एका शब्दाने बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलंय. हे सगळं मुळापासून शिकायचंय.

गोदाकाठ:
पेमेंटनंतर गिऱ्हाईक ज्या पानावर परत येतं, त्याच्या पत्त्यातला ‘सक्सेस’ वाचून ऑर्डर पक्की करतोस ना? तो शब्द कुणीही हाताने टाइप करू शकतं. पेमेंट गेटवे, म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन तुला पोहोचवणारी सेवा, सोबत एक सही पाठवतो: ऑर्डर नंबर, पेमेंट नंबर आणि तुम्हा दोघांनाच ठाऊक असलेली गुप्त किल्ली, यांचा एचमॅक, म्हणजे त्या किल्लीशिवाय काढता न येणारा ठसा. तोच हिशेब तुझ्या सर्व्हरवर कर, जुळला तरच ऑर्डर पक्की. रक्कमही डेटाबेसमधल्या किमतीशी ताडून बघ. आणि ती किल्ली ब्राउझरच्या कोडमध्ये चुकूनही नको.

अभ्यास हॅशपासून धर, म्हणजे मजकुराचा ठरावीक लांबीचा ठसा कसा काढतात तिथून. मग १९७७ चं आरएसए, म्हणजे उघड किल्लीने निरोप बंद आणि गुप्त किल्लीने उघडा, तेही वहीवर. ६१ × ५३ = ३२३३. ६५ हा निरोप, १७ ही उघड किल्ली, २७५३ ही गुप्त. ६५ चा १७ वा घात काढ, ३२३३ ने भाग, बाकी २७९० उरते. त्या २७९० चा २७५३ वा घात घेऊन पुन्हा भागलंस की ६५ परत येतो. प्रत्येक पायरीला बाकीच पुढे न्यायची, म्हणजे आकडे फुगत नाहीत. हे एकदा हाताने झालं की सर्टिफिकेट (वेबसाइटचं ओळखपत्र), टीएलएस (ब्राउझर ते सर्व्हर वाट सुरक्षित करणारी पद्धत) सगळं उलगडतं. लायब्ररी नंतर.

सातपूरवाला:
गोदाकाठताईंचं बरोबर. ब्राउझरमधल्या कुलुपाच्या चिन्हावर विसंबू नकोस. टीएलएस वाटेतल्या चोराला अडवतं, समोरचं गिऱ्हाईकच खोटं बोललं तर त्याचा उपयोग नाही. कार्ड नंबर साठवत असशील तर आजच पुसून टाक. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला ते ठेवता येत नाहीत, त्याजागी टोकन, म्हणजे खऱ्या नंबराऐवजी वापरायचा पर्यायी आकडा, असतं.

पंचवटीकर१९:
ताई, अगदी तेच होतं, ‘सक्सेस’ वाचणारी एकच ओळ. रात्री सही तपासणं घातलं, मग स्वतःच खोटा पत्ता टाइप केला: ‘पेमेंट बाकी’ आलं. कार्ड नंबर साठवत नव्हतो. वहीत २७९० आला, २७५३ वा घात अजून चालू आहे. मामींना सांगितलंय, खात्यात पैसे दिसल्याशिवाय घडी बांधू नका.